डोजोतले मास्तर

डोजो म्हटलं की लोकांना कराटे आठवतं. आमच्या चाकणच्या पट्ट्यात तसं नाही. नव्या कामगाराला मशीनवर सोडण्याआधी ज्या खोलीत बसवून शिकवतात, तिला इथं डोजो म्हणतात. शब्द जपानी साहेबांनी आणला, ते गेले, शब्द राहिला. आमच्या डोजोत शिकवायचे उद्धवराव. मालक, साहेब, वॉचमन सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. त्यांचा डावा हात मनगटापासून नव्हता.

मी रुपाली. प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या मशिनींच्या विभागात, लाइन लीडर आहे. नऊ वर्षांपूर्वी मी त्यांच्याच हाताखाली शिकले. शिवाय ते आमचे भाडेकरू. कुरुळीत आमच्या घरामागं सहा खोल्या आहेत, त्यातली कोपऱ्यातली त्यांची. त्यामुळे हा माणूस कंपनीत कसा होता आणि घरी कसा होता, दोन्ही मला ठाऊक आहे. लोक एकच अर्धा सांगतात, म्हणून मला राग येतो.

पहिल्या दिवशी मास्तर प्रत्येकाच्या हातात पायजम्याची नाडी द्यायचे आणि म्हणायचे, डावा हात पाठीमागं धरा आणि ही नाडी खुर्चीच्या पायाला बांधून दाखवा. सगळी पोरं हसायची. कुणी दात लावायचं, कुणी गुडघा. दहा मिनिटांनी खोलीत कुणी हसत नसायचं. मग मास्तर बाही वर सरकवायचे.

"प्रेसला दोन बटणं असतात," ते सांगायचे. "दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. कशासाठी? प्रेस खाली येताना तुमचे दोन्ही हात बटणावर असावेत, डायच्या, म्हणजे साच्याच्या आत नसावेत, म्हणून. पण मी लई हुशार. मी एक बटण चिकटपट्टीनं बांधून टाकलं. एका हातानं दाबायचं, दुसऱ्यानं माल भरायचा. पीस जास्त निघायचे. तीन महिने निघाले. मग हे झालं."

एवढंच. रडायचे नाहीत, भाषण द्यायचे नाहीत. त्यानंतर त्यांची एक सवय ते आम्हाला लावायचे: प्रत्येक स्ट्रोक झाला, म्हणजे प्रेस एकदा खाली-वर झाली, की दोन्ही हात खांद्यापर्यंत वर करून दाखवायचे, मगच डायमध्ये हात घालायचा. पेंट शॉपवाले आम्हाला चिडवायचे की प्रेस शॉपमध्ये दिवसभर आरती चालते. चालू दे. आमच्याकडे नऊ वर्षांत कुणाचं बोट गेलं नाही, त्यांनी स्वतःचं बघावं.

घरी मात्र हा माणूस म्हणजे नुसती शांतता. रविवारी सकाळी एका हातानं आठवड्याचे सगळे शर्ट इस्त्री करायचे. फोनची रिंग एवढी मोठी ठेवायचे की सहाही खोल्यांना ऐकू जावी, पण वाजायची ती कंपनीची नाहीतर सिम कार्डवाल्यांची. माझ्या सासूबाई आक्काबाई म्हणायच्या, "लई गप माणूस हाय गं. त्याला आपल्यातली वाटीभर आमटी देत जा, तेवढंच दार वाजल." मी द्यायचे. ते वाटी धुऊन परत आणून द्यायचे, आत मात्र कधी बसले नाहीत.

त्यांची बायको सावित्रीबाई केजजवळच्या गावी राहते. मूलबाळ नाही. अपघातानंतर दीड वर्ष तिनं त्यांचं सगळं केलं, मग सासू आजारी आहे म्हणून गावी गेली आणि सासू गेल्यावरही परत आली नाही. मास्तर तिच्याविषयी बोलायचे नाहीत. एकदा डोजोचे फॉर्म लावताना मला दिसलं, अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं या रकान्यात त्यांनी दरवर्षी तिचाच नंबर लिहिला होता. माझ्या मनात आलं, अहो, पाच पावलांवर आम्ही राहतो, आम्हाला कळवा की. पण तेव्हा मी फॉर्म लावत राहिले.

माझी मुलगी सायली अकरा वर्षांची. तिला जपानी कार्टूनचं वेड. ती मोबाइल घेऊन मास्तरांच्या उंबऱ्यावर जाऊन बसायची, कारण घरी मी ओरडते. एक दिवस मी तिला जेवायला बोलवायला गेले तर दोघं मान घालून स्क्रीनमध्ये. ती त्यांना गोष्ट समजावत होती.

"हे बघा काका, हा गुरू आहे ना, हा जळलेल्या टाइमलाइनमधला, म्हणजे काळाच्या दुसऱ्याच फाट्यातला. सगळं संपलंय तिथं. त्यानं या मुलीला लढायला शिकवलं आणि काळात मागं पाठवलं, सगळं बदलायला. तिनं बदललं. आता या टाइमलाइनमध्ये काही जळलंच नाही. मग हा इथं गुरू झालाच नाही. इथं तो नावाडी आहे, त्याला बायको आहे, तो खूश आहे. आणि ही त्याच्या नावेत बसलीय, पण तो तिला ओळखत नाही."

मास्तरांनी विचारलं, "मग तिनं सांगितलं का त्याला, तू माझा गुरू आहेस म्हणून?"

"नाही. नुसती नदी ओलांडते आणि उतरून जाते."

"बरं केलं," मास्तर म्हणाले.

मी म्हटलं, "काय बरं केलं? ज्यानं शिकवलं त्याला दोन शब्द बोलायला काय जात होतं तिचं?" मला असल्या रडक्या गोष्टींचा संताप येतो.

ते हसले. म्हणाले, "रुपाली, एखाद्या टाइमलाइनमध्ये मीसुद्धा दोन हातांचा असेन. भोसरीत कुठंतरी टर्नर. संध्याकाळी बायकोबरोबर भाजी आणायला जात असेन. तू रस्त्यात दिसलीस तर तू मला ओळखणार नाहीस, मी तुला नाही." हे ते इतक्या आवडीनं बोलले की मला वाईट वाटलं. म्हणजे या माणसाला आमची ओळख नसलेली चालणार होती, सायलीची, माझी, सगळ्यांची. त्या रात्री मी त्यांना आमटी दिली नाही. असा माझा स्वभाव.

यंदा मार्च महिन्यात ते प्रकरण झालं. माझ्या लाइनवर सात नंबरच्या प्रेसला वर्षाली होती. नांदेडकडची, सव्वीस वर्षांची, सहा महिन्यांच्या करारावर. मास्तरांच्या हाताखालून नुकतीच निघालेली. सकाळी अकराच्या सुमारास ती ओरडली. मी धावले. तिचा उजवा हातमोजा डायमध्ये चेंगरून बसला होता आणि ती हात छातीशी धरून उभी होती. बोटं शाबूत होती. मोजा ढिला होता म्हणून हात निसटला, नाहीतर तीन बोटं गेली होती.

"ताई, मी बटण दाबलं नव्हतं," ती म्हणाली. "हात दाखवले, मग पीस काढायला हात घातला. ती आपोआप खाली आली."

सेफ्टीचे साहेब आले. त्यांनी प्रेस शंभर वेळा चालवून बघितली, आपोआप काही खाली आली नाही. मग त्यांना एका बटणाच्या कडेला चिकटपट्टीचा जुना डाग सापडला. झालं. दुपारपर्यंत कागद तयार: ऑपरेटरनं बटण बांधलं होतं. लाइन लीडर म्हणून खाली माझी सही हवी होती. सही झाली की वर्षाली बाहेर, आणि असा शेरा घेऊन बाहेर पडलेल्या बाईला या पट्ट्यात दुसरी कुठली कंपनी दारात उभी करत नाही. आणि सात नंबरवर दुसऱ्या सकाळी दुसरं कुणीतरी बसणार.

मी कागद घेऊन तडक डोजोत गेले. म्हटलं, मास्तर, तुमच्याच शिष्येनं बटण बांधलं म्हणतायत, चला बघायला. ते शॉप फ्लोअरवर कधी यायचे नाहीत. अपघातानंतर प्रेसचा आवाजसुद्धा त्यांना नको असायचा, डोजोचं दार बंद करून शिकवायचे. त्या दिवशी आले. सात नंबरपुढं उभे राहिले, खाली वाकले, आणि मागच्या पायाजवळ निळ्या रंगाखालचा एक वेल्डिंगचा फुगवटा अंगठ्यानं चाचपून बघितला. 

"ही आपल्या भोसरीच्या जुन्या प्लांटमधली," ते म्हणाले. "तेव्हा हिरवी होती. रंग दिलाय."

"मग?"

"माझा हात हिच्यातच गेला. आणि रुपाली, मी बटण बांधलं नव्हतं."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणाले. मग त्यांनी सांगितलं. चौदा वर्षांपूर्वीही ती अशीच आपोआप खाली आली होती. हॉस्पिटलमध्ये जुन्या प्लांटच्या मॅनेजरनं कागद आणला. मशीन बिघडली होती असं लिहिलं तर चौकशी, कोर्ट, वर्षं जाणार, हातात काही नाही. माझी चूक झाली असं लिहिलं तर कायमची नोकरी, शिकवण्याची. त्यांनी उजव्या हातानं सही केली.

"आणि काकूंना?"

"तिलाही तेच सांगितलं. खरं सांगितलं असतं तर ती गेटवर जाऊन बसली असती. ती तशी आहे. मग नोकरी कसली राहते? ती म्हणाली, तुम्हाला एवढी कसली हाव सुटली होती. मी ऐकून घेतलं."

मला इतका राग आला की मी त्यांना वाट्टेल ते बोलले. तीन हजार पोरांना तुम्ही खोटं सांगितलं, मला खोटं सांगितलं, मशीन सुटली आणि तुम्ही स्वतःला बदनाम करत बसलात. ते म्हणाले, "पोरांना मशीनची चूक सांगून काय होतं गं? ती नुसती घाबरतात. स्वतःची चूक सांगितली की सांभाळून वागतात." आमची बोटं खरंच शाबूत होती.

पण आता गोष्ट वर्षालीची होती. मास्तर बोलले नाहीत तर ती जाणार. बोलले तर त्यांची स्वतःची नोकरी संपणार, कारण ते निवृत्तीचं वय उलटून वाढीव मुदतीवर होते, आणि कंपनीला खोटं लिहून दिलेला माणूस कोण ठेवतो? डोजो सोडला तर त्यांच्याकडे दुसरं होतं तरी काय? मी त्यांना जा म्हटलं नाही. नका जाऊ असंही म्हटलं नाही. मी नुसता सही न केलेला कागद हातात धरून उभी होते.

ते स्वतःच निघाले.

मीटिंग रूममध्ये प्लांट हेड, सेफ्टीचे साहेब, वर्षाली आणि मी. मास्तरांनी चार वाक्यांत सगळं सांगितलं. सेफ्टीचे साहेब ऐकत राहिले, मग बाहेर गेले आणि जुनी फाइल घेऊन आले. त्यात मास्तरांच्या सहीचा कागद. "उद्धवराव, हे तुमचंच अक्षर ना? मग तेव्हा खोटं की आज?" मास्तर म्हणाले, तेव्हा. साहेब माझ्याकडे वळले. "रुपाली, तुला ट्रेनिंगमध्ये यांनी काय सांगितलं होतं?"

खोटं बोलणं मला जमत असतं तर मी त्या दिवशी बोलले असते. मी म्हटलं, "बटण बांधलं म्हणून हात गेला, असं सांगितलं होतं." मास्तरांनी माझ्याकडे बघून मान हलवली, जणू मी परीक्षेत बरोबर उत्तर दिलं होतं. त्यांच्याच शिकवणीनं त्यांच्या विरुद्ध साक्ष दिली, आणि ती द्यायला मी होते.

मग ते म्हणाले, "मला प्रेसवर बसू द्या. तुम्ही शंभर स्ट्रोक बघितले. मी हजार दाखवतो."

प्लांट हेड काहीतरी नियम सांगायला लागले. मास्तर म्हणाले, डायमध्ये माझा हात जाणार नाही, काठी जाईल. डोजोत शिकवायला एक लाकडी काठी होती, तिला हातमोजा घातलेला. ती त्यांनी आणली. मोज्याचा पंजा डायच्या तोंडाशी ठेवून काठी बाजूच्या स्टँडला अशी बांधली, की पायानं ढकलली की पंजा डायमध्ये जाईल आणि सोडली की बाहेर येईल. दोन्ही बटणांवरचे सगळे डाग पुसायला लावले. आणि चौदा वर्षांनी त्या मशीनपुढच्या स्टुलावर बसले. उजव्या बटणावर पंजा, डाव्या बटणावर तुटकं मनगट.

स्ट्रोक. दोन्ही हात वर. स्ट्रोक. दोन्ही हात वर. दर वेळी काठी आत, मग बाहेर, आणि ते मोठ्यानं मोजत होते. दोनशेला सेफ्टीचे साहेब फोनवर बोलायला गेले. तीनशेला चहा आला आणि गार झाला. लाइन थांबली होती, पेंट शॉपवालेसुद्धा येऊन उभे राहिले होते आणि आज कुणी चिडवत नव्हतं. साडेचारशेला मास्तरांचा शर्ट पाठीला चिकटला आणि डावं मनगट लाल झालं. वर्षाली म्हणाली, "मास्तर, पुरे करा. मी जाते घरी." त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पाचशे बावीस. त्यांनी बटणं सोडली, दोन्ही हात वर केले, सगळ्यांना दिसतील असे. काठी आत गेली आणि प्रेस खाली आली. कुणी हात लावला नव्हता. काठीवरचा मोजा चपटा झाला आणि काठी मधोमध मोडली. मास्तरांचे हात वरच राहिले होते. एक पंजा, एक थोटूक. मी सगळ्यांसमोर रडले, लाज वाटली नाही.

सात नंबर दुसऱ्या दिवशी भंगारात गेली. वर्षाली राहिली. मास्तरांना वरून बोलावणं आलं, खूप गोड बोलले म्हणे, आता तुम्ही आराम करा. महिनाअखेर त्यांची मुदत संपवली. निरोप समारंभ नाही, शाल नाही, काही नाही. वर्षाली मात्र शेवटच्या दिवशी गेटपर्यंत त्यांची पिशवी घेऊन चालत गेली. डोजोची किल्ली मास्तरांनी माझ्याकडे दिली.

त्यानंतर ते दिवसच्या दिवस खोलीत. सकाळी साडेसहाला कंपनीची बस कुरुळीच्या फाट्यावर यायची, तेव्हा ते अंघोळ करून, शर्ट घालून दारात उभे असायचे. बस गेली की आत. मला ते बघवेना. मला वाटलं, या माणसाचं आता एकच काम बाकी आहे, ते मी करते. एका दुपारी कॅन्टीनमधून मी त्या फॉर्मवरच्या नंबरला फोन लावला. त्यांना न विचारता. चांगलं करायला निघाले की मला कुणी थांबवू शकत नाही.

मी म्हटलं, "काकू, मी कुरुळीहून बोलते, मास्तरांची घरमालकीण. तुम्हाला एक सांगायचंय. काकांची चूक नव्हती. मशीनच खराब होती. त्यांनी सगळ्यांसमोर सिद्ध केलं." आणि सगळं सांगत सुटले, पाचशे बावीसपर्यंत.

त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला ठाऊक व्हतं."

"काय?"

"कपातला चहा निवल्याबिगर न पिणारा माणूस तो. जास्तीच्या पिसापायी बटण बांधील व्हय? हॉस्पिटलात पहिल्या दिवशीच कळलं मला. मी मुद्दाम बोलले, हाव सुटली म्हणून. म्हटलं, आता तरी चिडतील, आता तरी खरं सांगतील मला. दीड वर्ष थांबले. मग इकडं आले, म्हटलं, सांगायला तरी येतील. चौदा वर्षं मी त्यांच्या तोंडून ऐकायला बसले, माय. आणि आज सांगितलंस ते तू."

फोन ठेवला त्यांनी. मी कॅन्टीनमध्ये बसून राहिले. ताटातलं काही खाल्लं नाही.

संध्याकाळी मी मास्तरांच्या दारात गेले आणि जे केलं ते सांगितलं. लपवणार कशी? ते कॉटवर बसले होते. मला वाटलं चिडतील, एकदा तरी चिडावं असं फार वाटत होतं. ते म्हणाले, "मी रविवारी जाणार होतो गावी. हेच सांगायला. तिकीट काढलंय." खिशातून काढून दाखवलंसुद्धा. मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसले आणि माफी मागितली. ते म्हणाले, "तुझं काही नाही. तू एक फोन केलास. मी चौदा वर्षं केला नाही."

रविवारी मी त्यांना पिंपरीला वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर सोडायला गेले. अंबाजोगाईची गाडी लागली होती. ते खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर. मी खाली उभी.

"जाताय ना नक्की? केजला उतरून परत नाही ना फिरणार?" मी विचारलं.

"जातो. तिला माहीत असलं तरी मी अजून सांगितलं कुठं?" ते म्हणाले. मग खिडकीतून जरा वाकले. "पण ती विचारेल, आधी का नाही सांगितलं. नोकरी जाईल म्हणून, असं सांगेन. ते खरंय, पण ते पहिल्या वर्षाचं झालं. उरलेल्या तेरा वर्षांचं काय सांगू, रुपाली?"

गाडी हलली तरी ते माझ्याकडेच बघत होते, मी सांगेन म्हणून.